रिकाम्या खडकावरचा उजेड

चाचा,

तुम्ही गेल्यावर तिसऱ्या दिवशी मी तुमच्या घरी आले. पुरुष बाहेर गल्लीत खुर्च्यांवर बसले होते, आम्ही बायका आतल्या खोलीत चाचींजवळ. मध्ये फक्त एक फुलाफुलांचा पडदा होता, त्यामुळे बाहेरचं सगळं ऐकू येत होतं. कुणी तुमच्या चहाच्या वेडाबद्दल बोलत होतं. कुणी सांगत होतं, तुम्ही एकाच्या बायकोचं नाव चुकून दुसऱ्याच्याच डब्यावर कसं टाकलं होतं आणि मग दोन्ही घरांत काय महाभारत झालं. चाचीसुद्धा त्या रडण्यातून हसल्या. मग शेठजींचा आवाज आला. ज्यांच्या भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर तुम्ही आयुष्यभर बसलात, तेच शेठजी.

"हात सोन्याचा होता युनूसभाईचा," ते म्हणाले. "फक्त ते कॉन्व्हेंटचं काम नाई जमलं त्याले. तेवढं एक राह्यलं."

"हो, ऐकलं होतं बा," दुसरं कुणीतरी म्हणालं.

दहा वर्षं होत आली त्या गोष्टीला. ते वाक्य अजून बाजारात फिरत होतं आणि आता तुमच्या दुखवट्यालाही आलं होतं. चाचा, ते वाक्य माझं आहे. मीच ते पहिल्यांदा बोलले आणि ते खोटं होतं. त्या दिवशी पडदा बाजूला सारून हे सांगायला मला उठता आलं नाही. चाचींच्या चटईकडे बघत बसून राहिले. जे तिथं बोलायला हवं होतं ते इथं लिहिते आहे. तुमच्याशीच बोलते, पण बाकीच्यांनीही ऐकावं.

तुमची-माझी ओळख आत्याच्या लग्नातली. मी आठवीत होते. आंदणाच्या भांड्यांवर नावं टाकून घ्यायला आई मला गोल बाजारात घेऊन आली, तेव्हा तुम्ही पोतं अंथरून पायरीवर बसला होतात. मांडीत पितळी घागर, डाव्या हातात कलम, उजव्या हातात बोटभर लांबीची हातोडी. लिहायचं पेन नसून कापायची छिन्नी, तरी तिला कलम म्हणतात हे मला तिथंच कळलं. टक टक टक टक. घागरीवर आत्याचं नाव उमटत गेलं. कापलेली रेघ बाकीच्या पितळेपेक्षा जास्त चमकत होती.

"शाळा कोणती वं तुही?" तुम्ही मान वर न करता विचारलंत. मी आईकडे पाहिलं.

"कॉन्व्हेंटमधी हाये," आई म्हणाली. "बोलत नाई ते."

"मराठीत मुकी हाये का इंग्रजीत?"

"दोन्हीत," आई म्हणाली.

तुम्ही इतके हसलात की कलम घसरेल असं मला वाटलं. त्या दिवसापासून माझं नाव 'कॉन्व्हेंट' पडलं. शाळेतून घरी जाताना मी तुमच्या पायरीशी थांबायला लागले. तुम्ही मला बोलायला लावायचा प्रयत्न केला नाहीत, म्हणून थांबायला लागले. मोठी माणसं गप्प मुलीला बघून अस्वस्थ होतात, तिला काहीतरी विचारत राहतात. तुम्ही एकटेच दोघांचं बोलायचात. वीजकेंद्राच्या धुरावर बोलायचात, अहेरीला दिलेल्या बहिणीवर बोलायचात, स्टीलच्या भांड्यांना तर शिव्याच घालायचात. "स्टील म्हंजे दगड. कलम बी रागावते त्याच्यावर."

दुकानापुढच्या टिनाच्या छपराला भोकं होती. दुपारी त्यातून कवडसे खाली यायचे. बाजारातली धूळ आणि कोळशाची बारीक पूड त्यात तरंगताना दिसायची आणि कवडसा एखाद्या तिरप्या काठीसारखा उभा राहायचा. तुम्ही त्यातला एक धरून बसायचात. कवडसा सरकला की पोतं सरकवायचात. संध्याकाळपर्यंत तुम्ही पायरीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला पोचलेले असायचात. ग्राहक म्हणायचे, "युनूसभाई, सकाळी इथी होते ना?" तुम्ही म्हणायचात, "मी इथीच हाये. तुमचा सूर्यच हालून राह्यला."

आमच्या शाळेच्या वाचनालयात एक चित्र होतं. ते मी तुम्हाला नुसतं सांगितलं तेव्हा तुम्हाला पटलं नव्हतं. काळ्या शाईच्या रेघांनी छापलेलं, जुन्या लाकडी चौकटीतलं. मूळ चित्र युरोपात तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी कुणी तांब्याच्या पत्र्यावर कोरलं होतं आणि हा त्यावरून काढलेला छाप, असं वाचनालयाच्या सिस्टर सांगायच्या. केरळातून निघताना त्यांच्या गावच्या वृद्ध धर्मगुरूंनी तो छाप त्यांना दिला होता. चित्रात जवळजवळ सगळं जंगलच होतं. पिळवटलेल्या बुंध्यांची प्रचंड झाडं, उन्मळून पडलेलं एक खोड, दरी, लांबवर पाण्याची पट्टी. वर ढग फाटलेला आणि त्या फटीतून उजेडाचा झोत तिरपा येऊन एका खडकावर पडलेला. खडकावर गुडघे टेकून बसलेला एक संत. एवढ्या मोठ्या चित्रात तो माझ्या अंगठ्याएवढा होता. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला आधी वादळ दिसलं, मग झाडं, मग उजेड आणि सगळ्यात शेवटी माणूस. शाळेत मला बहुतेक सगळे तसंच बघायचे, म्हणूनही ते आवडलं असेल.

दहावीच्या वर्षी सिस्टरांची बदली ठरली. अहेरीच्या पलीकडे, मिशनच्या दवाखान्यात. निरोपाला काय द्यायचं याची वर्गात चर्चा चालली होती. घड्याळ, शाल, पुन्हा घड्याळ. आणि मी उभी राहिले. का, ते आजही सांगता येणार नाही. मी म्हटलं, वाचनालयातलं ते चित्र पितळेवर कोरून देऊ या. चित्र तर शाळेतच राहणार, सिस्टर तिथं काय बघतील? बाजारात एक चाचा आहेत, ते करतील. संपूर्ण वर्ग वळून माझ्याकडे बघत होता. मॉनिटर म्हणाली, "ही बोलते?" पण सगळ्यांना कल्पना आवडली. दहा वर्षांच्या शाळेत मी स्वतःहून उभी राहून बोलले ते तेवढंच.

तुम्ही आधी नाही म्हणालात. "मी नावं टाकतो, बेल-बुट्टी काढतो. हे चित्रबित्र मोठ्या लोकाइचं काम हाये." मग मी बटरपेपरवर उतरवलेली नक्कल पुढे केली. ती तुम्ही उलटीसुलटी करून पाहिलीत. "ह्याच्यात उजेड कुठी हाये? तू तर रात्रंदिवस उजेडाचं सांगते. मले असली दाखव."

असली शाळेबाहेर आणता येणार नव्हती, पण वसतिगृहाच्या ताटांवर नंबर टाकायचं काम निघालं आणि तुम्ही थेट शाळेतच आलात. ताटं राहिली बाजूला. तुम्ही वाचनालयात खिशातलं भिंग काढलंत आणि भिंतीला नाक लावून उभे राहिलात. पाच मिनिटं, दहा मिनिटं. सिस्टर येऊन मागे थांबल्या. मी पुस्तकांच्या कपाटाआड होते.

"कॉन्व्हेंट, इकडं ये," तुम्ही हळूच म्हणालात. "ह्या उजेडात काहीच नाई वं. कोरा कागद हाये. हा माणूस अंधार कोरत कोरत आला. इथी पाह्य, रेघ जाड हाये. इथी बारीक झाली. इथी तर केसावानी. आन् इथी आल्यावर हात उचलला. उजेड त्यानं कोरलाच नाई. सोडून देल्ला."

मी ते चित्र चार वर्षं पाहत होते. मला हे दिसलं नव्हतं.

"पण सूर्य कुठी हाये?" तुम्ही सिस्टरांना विचारलंत. "ढगामागं असता तर समद्या जंगलावर पडला असता. हा एकट्या बाबावर पडून राह्यला."

"वो सूरज का नहीं है," सिस्टर त्यांच्या मोडक्या हिंदीत म्हणाल्या. "वो भगवान का लाइट है."

"मंग बाकीच्या झाडाइनं काय बिघडवलं होतं, सिस्टर?"

सिस्टर तोंडावर हात ठेवून हसल्या. आमच्या सिस्टरांना इतकं हसताना मी पहिल्यांदाच पाहत होते. बाहेर आल्यावर तुम्ही ताटं पुढ्यात ओढलीत आणि स्वतःशीच पुटपुटलात, "झूठ हाये. पण काय झूठ हाये!"

पहिला पत्रा तुम्ही वाया घालवलात. ती चूक भांड्यांवर काम करणाऱ्यालाच सुचावी अशी होती. त्या चित्रातल्या काळ्या रेघा तुम्ही एकूण एक जशाच्या तशा पितळेवर कोरल्या. पण छापात कोरलेल्या रेघेत शाई भरते, म्हणून ती काळी दिसते. पितळेवर कोरलेली रेघ चमकते. मी दुपारी आले तेव्हा तुम्ही पत्रा कवडशात धरून बसला होतात. सगळं रान झगमगत होतं आणि उजेडाची जागा मात्र मठ्ठ, सपाट, एखाद्या डाळीच्या डागासारखी.

"पाह्य," तुम्ही म्हणालात. "अंधार चमकून राह्यला, आन् उजेड आंधळा झाला. वीस रोज लागले ह्या गाढवपणाले."

मी रडायच्या बेतात होते. तुम्ही मात्र ग्राहकांना बोलावून बोलावून तो पत्रा दाखवत होतात. "इकडं या, युनूसची अक्कल पाहा." स्वतःच्या चुकीवर असं चारचौघांत हसता येतं, हे आमच्या घरात किंवा शाळेत मला कुणी दाखवलं नव्हतं.

दुसऱ्या पत्र्याला तुम्ही तेल लावून चुलीवर धरलंत आणि काळा करून टाकलात. मग त्या गोऱ्या माणसाच्या बरोबर उलट निघालात. त्याने अंधार कोरला आणि उजेड सोडला, तुम्ही उजेड कोरायला घेतलात आणि अंधार सोडून दिलात. फक्त जिथं जिथं प्रकाश लागतो तेवढंच कापायचं. ढगाची फाटलेली कड, बुंध्यांची एक-एक बाजू, पाण्यावरच्या चार रेघा आणि तो झोत. झोतासाठी तुम्ही हातोडी बाजूला ठेवलीत. नुसत्या मनगटाच्या जोरावर कलम रेटत लांब रेघा ओढल्यात. अशा रेघा वडलांच्या हाताखाली पानदानांवर ओढायचात, त्यानंतर कुणी मागितल्याच नव्हत्या, असं म्हणालात. झाडंही तुम्ही बदललीत. "त्याचं झाड मले ठावूक नाई. माह्या मोहाले काय झालं?" त्यावरून आपलं दोन दिवस भांडण झालं. युरोपात मोह नसतो, मी म्हणत होते. "मंग तिथले लोक खातात काय उन्हाळ्यात?" तुम्ही म्हणत होतात. मी हरले.

निरोप समारंभाच्या आदल्या दिवशी तुम्ही पत्रा जुन्या धोतराच्या कापडात गुंडाळून माझ्या हातात दिलात. मी तिथंच उघडला. इतकं सुंदर काही मी तोवर हातात धरलं नव्हतं. ढग फाटला होता, उजेड खाली येत होता, मोहाचे बुंधे एका अंगाने उजळले होते. मग माझी नजर खडकावर गेली. खडकावर कुणी नव्हतं.

"संत कुठंय?"

"कोणता?"

"तो बसलेला माणूस, चाचा!"

तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत, जसं मी पाणी ओलं का असतं असं विचारलं होतं. "मी तोंड नाई काढत, बेटा. कलम हातात देतानीच अब्बानं सांगतलं होतं. बेल काढ, फूल काढ, चांद काढ. जीव नको काढू. बाकीचे काढतात, त्याइचं त्याइच्यापाशी. मी नाई काढत."

"मग आधी का नाही सांगितलं?"

"तीन वर्षं तू इथी बसून राह्यली. एक मोर पाह्यला काय माह्या हातचा? एक मासोळी? मले वाटलं तुले ठावूक हाये."

खरं होतं. तीन वर्षं मी तुमचा हात बघत होते आणि हात काय काढत नाही ते मला दिसलं नव्हतं. पण तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर वर्ग होता. चाळीस मुली, त्यांच्यापुढे माझी ती एकुलती एक कल्पना आणि तीत मुख्य माणूसच नाही. मी म्हणाले, "हे अर्धवट आहे. हे मी कुणाला देऊ?"

"अर्धवट कसं? उजेड तर पुरा हाये."

"पण उजेड पडतोय कुणावर मग?"

तुम्ही काहीतरी सांगणार होतात. तोंड उघडलं होतं. तेवढ्यात एक बाई टिफिनचा डबा घेऊन नाव टाकायला आली आणि तुम्ही म्हणालात, "थांब, सांगतो." मी थांबले नाही.

दुसऱ्या दिवशी मॉनिटरने हात पुढे केला. "दाखव." पत्रा माझ्या दप्तरात होता. मी म्हटलं, त्यांना जमलं नाही. ते मी इंग्रजीत म्हणाले होते. परक्या भाषेत असल्यामुळे की काय, ते मला तितकंसं खोटं वाटलं नाही. मुलींनी धावपळ करून भिंतीवरचं घड्याळ आणलं. सिस्टरांनी ते घेतलं, सगळ्यांच्या डोक्यावर हात ठेवला. माझ्या डोक्यावर तो थोडा जास्त वेळ राहिला असं मला वाटलं आणि मी मान वर केली नाही.

मॉनिटरची आई शेठजींची जुनी ग्राहक. आठवड्याच्या आत बाजारभर झालं, की युनूसभाईने शाळेचं मोठं काम घेतलं आणि त्याला ते पेललं नाही. पहिला बिघडलेला पत्रा तर तुम्ही स्वतःच सगळ्यांना दाखवला होता, घरीच कोरलेला दुसरा मात्र कुणी पाहिला नव्हता, त्यामुळे कुणाला शंकाही आली नाही. त्याच वर्षी शेठजींनी नागपूरहून नावं टाकायचं विजेचं पेन आणलं आणि गुर्र-गुर्र करत ते स्वतःच नावं टाकू लागले. तुमचं काम माझ्या वाक्याने कमी झालं की त्या पेनामुळे, हे मला कधीच कळणार नाही. मी त्या गल्लीतून जायचं सोडलं. कॉलेजला नागपूरला गेले तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं होतं.

चार वर्षांनी आले. तुम्ही त्याच पायरीवर होतात, पुढ्यात एक जुना तांब्या आणि दुसरं काही नाही.

"अरे, कॉन्व्हेंट! बोलते काय आता?"

"थोडं थोडं."

"मंग सांग. सिस्टरले आवडलं काय ते?"

तुमच्या चेहऱ्यावर कुठलीही परीक्षा नव्हती. तुम्ही फक्त विचारत होतात. मी म्हणाले, "हो. खूप."

"मले वाटलंच," तुम्ही तांब्याकडे बघत म्हणालात. "लोक काई बी म्हणत होते. मी म्हटलं, तिनं देल्लं असन. लोकाइले काय ठावूक." मग चहा मागवलात. दोन चहा. मी तो प्यायले.

तुम्ही माझ्यासाठी अख्ख्या बाजारावर अविश्वास दाखवलात, चाचा. त्यानंतर मी चंद्रपूरला आले की दरवेळी तुमच्यापाशी बसत होते. दरवेळी सांगायचं ठरवत होते आणि दरवेळी तुम्ही काहीतरी गंमत सुरू करायचात. हा दोष तुमच्यावर टाकत नाही. मला बरं वाटायचं, की तुम्ही गंमत सुरू केलीत.

तुमच्या घरून परत आल्यावर माळ्यावरची पेटी उघडली. पत्रा त्याच कापडात होता. कोरलेल्या रेघा थोड्या मंदावल्यात, पण खिडकीपाशी तिरपा धरला की झोत अजून खाली येतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो शेठजींच्या गल्ल्यावर ठेवला.

"हे काय?"

"कॉन्व्हेंटचं काम. चाचांनी पूर्ण केलं होतं. वेळेवर केलं होतं. मी दिलं नाही आणि वर त्यांना जमलं नाही म्हणून सांगितलं."

शेठजींनी चष्मा लावला. बराच वेळ बघितलं. बोटाने झोताच्या रेघांवरून वरून खाली आले. "ह्या मनगटाच्या रेघा हायेत," ते म्हणाले. "हातोडी नाई लावली." मग माझ्याकडे वळून, "काऊन केलं वं असं?"

"भीती वाटली."

"कोणाची?"

"वर्गातल्या मुलींची."

ते हसतील किंवा ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी दोन्ही केलं नाही. "मी तवा त्याले पायरीवर म्हटलं होतं," ते म्हणाले, "युनूसभाई, झेपत नाई ते घ्यावं कशाले. चार लोकाइसमोर म्हटलं होतं. तो हासला." एवढं बोलून ते पत्रा घेऊन बाहेर गेले आणि समोरच्या, बाजूच्या दुकानदारांना हाका मारू लागले. "या रे, इकडं या. युनूसभाईचा हात पाहून घ्या." कुणी विचारलं, मग जमलं नाही असं कोण म्हणालं होतं, तर त्यांनी माझ्याकडे बोट केलं. सगळे माझ्याकडे बघत होते. मी पळाले नाही. चाचींना मी त्याच संध्याकाळी सांगितलं. त्यांनी माझ्या पुढ्यात जेवणाचं ताट वाढून ठेवलं आणि मी खाईपर्यंत समोर बसून राहिल्या.

मग मी अहेरीची बस धरली. आल्लापल्लीचं जंगल लागलं तेव्हा सकाळ होती. सागांमधून येणारा उजेड सगळ्या झाडांवर सारखा पडत होता आणि मला तुमचा सिस्टरांना विचारलेला प्रश्न आठवून एकटीलाच हसू आलं.

सिस्टर दवाखान्याच्या ओसरीत पेशंटची नावं लिहीत बसल्या होत्या. शाळेत आम्ही मराठीचा एक शब्द काढला तर रागवणाऱ्या आमच्या सिस्टर मला बघून म्हणाल्या, "काऊन वं, इतकी वाळून गेली?" मी पत्रा त्यांच्या हातात दिला आणि सगळं सांगितलं, इंग्रजीत न सांगता. त्यांनी ऐकून घेतलं.

"तो माणूस चित्रापाशी इतका वेळ उभा राहिला होता," त्या म्हणाल्या, "तेव्हाच मले वाटलं होतं, काहीतरी येणार. मग घड्याळ आलं." मग पत्र्यावरची धूळ पुसत, "घड्याळ पण चांगलं होतं."

त्यांनी पत्रा ओसरीतल्या खिळ्याला टांगला. बाकड्यावर पेशंट बायका बसल्या होत्या, पाच-सहा जणी, लांबच्या पाड्यांवरून आलेल्या. त्या उठून जवळ आल्या.

"कोणं केलं हे?" एकीने विचारलं.

मी म्हणाले, "युनूसचाचांनी. चंद्रपूरच्या गोल बाजारात भांड्यांवर नावं टाकायचे. त्यांनी हातानं कोरलंय." सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले.

"मोठं काम हाये," ती म्हणाली. मग तिची नजर तिथंच गेली, जिथं माझी गेली होती. "मंग इथी एवढा उजेड पडला, आन् कोणीच नाई बसलं?"

मी सांगायला तोंड उघडलं. तुमच्या अब्बांचं, कलमाचं, सगळं. पण तिच्या मागे एक म्हातारी उभी होती, कडेवर नात घेऊन. ती चित्राकडून नजर न काढता म्हणाली, "बसला होता ना. पाण्याले गेला असन. येते तो."

"हो, तसंच असन," पहिली म्हणाली आणि दोघी पुन्हा बाकड्यावर जाऊन बसल्या.

चाचा, वर्गात मी एवढंच तर म्हणायला हवं होतं. हे मला तेव्हा सुचलं असतं, तर तो पत्रा दोन्ही हातांनी वर धरून मी वर्गासमोर उभी राहिले असते.